आत गेलेले चार

बोगद्याच्या साइट ऑफिसातून फोन आला तेव्हा मी एका शाळेचा प्रिंटर उघडून बसले होते. पलीकडचा आवाज तरुण होता आणि घाईत होता. लॅपटॉपचं वायरलेस बंद पडलंय, मशीन जुनं आहे, पण जुन्या कंत्राटदाराच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत, बाहेर पाठवता येत नाही, तुम्हीच या. मी म्हटलं, नुसत्या वायरलेससाठी तासाभराचा प्रवास परवडत नाही. तो म्हणाला, "मॅडम, गाडी पाठवतो."

आणि खरंच पाठवली. या धंद्यात मला अठरा वर्षं झाली. गाडी पाठवून बोलावणारं गिऱ्हाईक आलं की एक तर ते फार मोठं असतं, नाहीतर फार अडलेलं.

रस्ता डोंगराशी जाऊन संपत होता. पत्र्याच्या तीन खोल्या, खडीचा ढीग, ताडपत्रीखाली झाकलेली यंत्रं आणि त्यांच्या मागे बोगद्याचं तोंड, दुमजली घर सहज मावेल एवढं. दुपारचं ऊन चांगलंच चटकत होतं, पण त्या तोंडासमोरून जाताना फ्रिजचं दार उघडं राहिल्यासारखी गार हवा अंगावर आली. ओल्या सिमेंटचा वास होता. दोन वर्षांपूर्वी इथे छत कोसळून चार माणसं आत अडकली, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. अकरा दिवस शोध चालला. मग जिथपर्यंत सुरक्षित होतं तिथे काँक्रीटची भिंत घातली आणि काम थांबलं.

फोनवरचा आवाज साइट इंजिनिअरचा होता. तिशीचा होता, सगळे त्याला साहेब म्हणत. नव्या कंत्राटदाराने त्याला पंधरा दिवसांपूर्वी इथे आणलं होतं. डोंगराला दुसऱ्या बाजूने वळसा घालून खोदकाम पुन्हा सुरू करायचं होतं, आणि त्यासाठी जुनी मोजमापं हवी होती.

"मशीन मामांच्या ताब्यात असतं," तो म्हणाला. "हजेरीमामा म्हणतात त्यांना सगळे. मधली दोन वर्षं काम बंद होतं तेव्हाही इथे राखणीला हेच होते."

हजेरीमामा साठीला टेकलेले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. लॅपटॉप त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. तो बाहेर काढायला त्यांनी बराच वेळ लावला.

"नक्की काय झालं होतं, मामा?"

"जागा करत होतो, ताई. जुन्या फाइली उडवत होतो. त्यात एखादी नको ती उडाली असेल चुकून."

"कधी?"

"झाले तीन महिने."

मी कामाला लागले. वायरलेसचं कार्ड धडधाकट होतं. पण कार्ड आणि मशीन यांच्यात दुभाष्याचं काम करणारी एक फाइल असते, ती जागेवर नव्हती. ती जिथे असते तिथे मशीन सहजासहजी कुणाला हात लावू देत नाही. खात्री आहे का, असं दोनदा विचारतं, तिसऱ्यांदा पासवर्ड मागतं. शिवाय उडवलेल्या फाइली जिथे जाऊन पडतात ती टोपलीही कुणीतरी रिकामी केली होती. आणि बाकी मशीनमधलं काहीच गेलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाचे तक्ते, एकाच यंत्राचे दोनशे फोटो, सगळं जिथल्या तिथे. जागा करणारा माणूस चाळीस केबीची एक फाइल उडवून थांबत नाही.

मी वळून मामांकडे बघितलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्वतःच्या नखांकडे बघत होते. लोक लॅपटॉपबद्दल खोटं बोलतात, मला त्याची सवय आहे. चहा सांडला तरी सांगतात की आपोआप बंद पडला. मी परत पडद्याकडे वळले.

तीच फाइल माझ्या मशीनमधून पेनड्राइव्हवर घेतली, जागेवर ठेवली, परवानग्या लावल्या, मशीन बंद करून चालू केलं. वीस मिनिटांचं काम. पडद्याच्या कोपऱ्यात वायरलेसचं चिन्ह उगवलं तसा साहेब "वा" म्हणाला. मामा दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आपोआप उघडली. हजेरीचा प्रोग्रॅम.

"हे चांगलं होतं त्यांचं," साहेब सांगू लागला. प्रत्येक मजुराच्या हेल्मेटला एक बिल्ला असायचा. बोगद्याच्या भिंतीवर डबे बसवले होते. डब्याजवळून बिल्ला गेला की डबा तो पकडायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, आत्ता डब्यापासून किती लांब आहे, हे सगळं वायरलेसवरून या मशीनमध्ये यायचं. एकूण तीन डबे. पहिला बोगद्याच्या तोंडाशी. दुसरा तीनशे मीटर आत. तिसरा त्याच्याही पुढे. भिंत घातली ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये; तिसरा भिंतीला लागूनच पलीकडे राहिला.

"पहिले दोन मी गेल्या आठवड्यात चालू केले. नवीन बिल्ले अजून वाटायचेत, त्यामुळे यादी कोरीच असणार."

यादी कोरी नव्हती.

चार ओळी होत्या. बिल्ला एकतीस, चौतीस, चाळीस, बावन्न. पुढे नावं. ती मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरची माणसं अजून आहेत. आत गेल्याची वेळ: दोन वर्षांपूर्वीची, सकाळी सात वाजून काही मिनिटं. बाहेर आल्याची वेळ: रिकामी. डबा: तिसरा. अंतर: नऊ मीटर. शेवटची नोंद: आत्ता.

"जुनी माहिती दाखवतंय," साहेब म्हणाला.

मलाही तेच वाटलं. मशीन बराच काळ बंद राहिलं की शिळं ताट पुन्हा वाढतं कधीकधी. मी घड्याळ तपासलं, बरोबर होतं. साठवलेली माहिती पुसली, प्रोग्रॅम बंद करून परत उघडला. यादी क्षणभर कोरी राहिली. मग चार ओळी परत आल्या, एकेक करून. शेवटची नोंद: आत्ता.

मग थोड्या वेळाने पाचवी आली. तिला बिल्ल्याचा नंबर नव्हता. नाव नव्हतं. डबा तिसरा, अंतर एकोणपन्नास मीटर.

"तिसऱ्या डब्याची वीज?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीच तोडली. वायरचं टोक मी स्वतः बघितलंय."

"आणि बिल्ल्याचा सेल किती दिवस चालतो?"

"पाच महिने," मामा दारातून म्हणाले. ते अजून पाठमोरेच होते. "पाच महिन्यांनी बदलायला लागायचा. मीच बदलायचो." मग ते आत आले आणि खाली मान घालून बाकावर बसले. "ताई, ती फाइल परत काढून टाका. मी चुकून नव्हती उडवली."

ते सांगत होते तेव्हा साहेब उभाच होता. 

चाळीस नंबरचा बिल्ला त्यांच्या धाकट्या भावाचा होता. भिंत घातल्यावर चार दिवसांनी मामांनी सहज म्हणून मशीन उघडलं, तर चौघेही यादीत होते. तिसऱ्या डब्यापासून दोनशे बारा मीटरवर. हलत नव्हते. मामांनी वरच्यांना सांगितलं, वरच्यांनी मशीनमधला बिघाड म्हणून सोडून दिलं. पाच महिन्यांनी सेल संपतील म्हणून मामा थांबले. सेल संपले नाहीत.

"रोज सकाळी बघायचो. दोनशे बारा. घरी गेलो की भावजय विचारायची, आज काय. मी सांगायचो, हजर आहे. तिला तेवढंच बरं वाटायचं. मलाही वाटायचं. दीड वर्ष असंच गेलं. एक दिवस ती म्हणाली, एवढे हजर आहेत तर हाक मारा ना त्यांना."

प्रोग्रॅममध्ये एक लाल बटण होतं. धोका असला की ते दाबायचं, मग आत असेल त्याच्या हेल्मेटवरचा बिल्ला वाजायला लागायचा. बटणावर लिहिलं होतं: बाहेर या.

"दाबलं मी. दुपारचे दोन वाजले असतील. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोनशे नऊ."

रोज तीन मीटर, कधी चार. मामा सांगत होते, पहिले काही दिवस त्यांना आनंदच झाला होता. हे सांगताना त्यांना लाज वाटत होती.

"मग ही पाचवी ओळ आली. त्यांच्या मागे चाळीस मीटर. ते थांबले की थांबायची, निघाले की निघायची. ताई, माझा भाऊ कसाही आला तरी मी त्याला भिणार नाही. पण मी चौघांना हाक मारली होती. हे मागून कोण निघालं?" त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "नऊ मीटर उरले तेव्हा मी फाइल उडवली. कुणी ऐकणारं नसलं की थांबतील असं वाटलं. आणि थांबलेच की. तीन महिने झाले, अजून नऊच आहे."

साहेबाने पडद्याकडे बोट दाखवलं. "आठ," तो म्हणाला.

मला अर्ध्या मिनिटात ती फाइल परत उडवता आली असती. मामा तेच मागत होते. पण साहेब एकदम चिडला. उद्या कुणी विचारलं, आत काहीतरी हलताना दिसत होतं तेव्हा तू काय केलंस, तर काय सांगू, असं तो मलाच विचारायला लागला, जणू मीच त्याची चौकशी करत होते. त्याचंही खोटं नव्हतं. आणि मला, खरं सांगायचं तर, मोजायचं होतं. दुसरीकडून कुठून तरी सिग्नल येत असेल, एखाद्या गोदामात जुने बिल्ले पडले असतील, तर भिंतीजवळ गेल्यावर तो क्षीण होईल. कुठून येतोय ते कळेल. कळलं की भीती जाते, आजवर दर वेळी गेली आहे.

"भिंतीपर्यंत जाऊन बघू," मी म्हटलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर फिरवली.

तीन वाजून गेल्यावर आम्ही आत निघालो. साहेब पुढे, मी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून मध्ये, मामा मागे. दर वीस पावलांवर दिवा होता. छतातून पाणी ठिबकत होतं, आणि आमच्या बुटांचा आवाज आमच्याआधी पुढे जात होता. बाहेरची उष्णता पन्नास पावलांत संपली. मामांनी येताना कपाटातून एक सदरा काढून घेतला होता, घडी केलेला, धुतलेला. कुणाचा ते मी विचारलं नाही.

सिग्नल क्षीण झाला नाही. दिव्यागणिक वाढत गेला.

भिंत करडी होती, सपाट, खालच्या बाजूला फळ्यांचे ठसे उमटलेली. तिच्या डाव्या अंगाला दुसरा डबा होता, साबणाच्या वडीएवढा. त्याच्या शेजारी वायरचं तुटकं टोक, त्यावर काळी टेप. साहेबाचं म्हणणं खरं होतं. मी भिंतीला हात लावला. गार होती, आणि कोरडी होती. आजूबाजूला सगळं ओलं असताना तेवढी भिंत कोरडी.

"किती?" साहेबाने विचारलं.

"पाच. पाचवा पंचेचाळीस."

"खोदायची यंत्रं परवा येणार आहेत. आत्ता फोडायची म्हटली तरी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"फोडू नका," मामा म्हणाले.

चार.

तीन.

साहेबाने भिंतीला कान लावला. मीही लावला. आत काहीच नव्हतं. रिकाम्या खोलीला कान लावला तरी एक घूं असा आवाज असतो, तोही नव्हता.

दोन. तिथे ते बराच वेळ थांबले. मी घड्याळ बघत होते, सव्वीस मिनिटं. साहेब दोनदा म्हणाला की चला, पुरे. आम्ही कुणीच हललो नाही.

एक.

मग चारही ओळी पडद्यावरून गेल्या.  मला वाटलं, संपलं.

ओळी परत आल्या. डबा: दुसरा. अंतर: शून्य.

भिंतीच्या या बाजूच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. एकदा. थोड्या वेळाने परत. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

भिंत होती तशीच होती. चरा नाही, धूळ नाही.

आम्ही तिघेही मागे सरकलो, काही न ठरवता, आणि बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. अरुंद जिन्यात समोरून कुणी सामान घेऊन येत असलं की उभं राहतो तसे. वारा नव्हता. वास नव्हता. फक्त ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज समोरच्या बाजूला थोडा थोडा थांबत होता आणि परत सुरू होत होता, तोंडाच्या दिशेने सरकत सरकत.

मामांनी सदरा पुढे केला. हात लांब करून बराच वेळ धरला. "घाल," ते हलकेच म्हणाले. "गार आहे."

तो कुणी घेतला नाही.

दोन मीटर. सहा. अकरा. ते जात होते.

"चला," साहेब कुजबुजला. "चला, त्यांच्या मागून जाऊ."

"थांबा," मी म्हटलं. "अजून एक आहे."

पाचव्या ओळीपुढे अजून तिसरा डबा होता. एकोणचाळीस. सव्वीस. बारा. चौघांना जेवढा वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्शात ते अंतर संपलं.

दिवा लुकलुकला. आणि या वेळी तसाच लागून राहिला.

शून्य.

शून्य.

पाणी ठिबकायचं थांबलं होतं. समोर नाही, माझ्या अगदी डोक्यावर.

मी पडद्याकडे बघत राहिले, कारण पडद्यावरून नजर काढली तर दुसरं कुठेतरी बघावं लागलं असतं. साहेबाने माझा दंड धरला होता. दुसऱ्या दिवशी तिथे त्याच्या चार बोटांचे वळ होते. मामा डोळे मिटून उभे होते, सदरा छातीशी धरून.

एक मीटर.

माझ्या मानेवर पाण्याचा थेंब पडला.

तीन. नऊ. तीस.

हिरवा दिवा विझला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. वॉचमन खडीच्या ढिगाजवळ बसून फोनवर बोलत होता. त्याने काही बघितलं नव्हतं. साहेबाने त्याला दोनदा विचारलं. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या डब्याचा दिवा लागत होता मघाशी, एवढंच तो म्हणाला, चार-पाच वेळा.

मामा एका दगडावर बसले. सदऱ्याची घडी विस्कटली होती, ती त्यांनी गुडघ्यावर ठेवून नीट केली.

"थांबला नाही माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला वाटलं होतं थांबेल."

मी त्यांच्या शेजारी बसले.  म्हटलं, "तुम्ही हाक मारली म्हणून निघाला तरी, मामा."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने उठले, कपडे झटकले. "भावजयीला सांगायला पाहिजे. आज ती विचारेल तेव्हा हजर आहे म्हणता यायचं नाही." आणि ते रस्त्याने चालत गेले. साहेबाने गाडी देऊ केली ती त्यांनी घेतली नाही. एकदाही त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी मात्र ते दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या मागच्या रस्त्याकडे बघत होते.

ऑफिसात साहेब पाणी प्यायला आणि खुर्चीत बसला. त्याला काहीतरी करायला हवं होतं. "आजची हजेरी बंद करून टाकतो," तो म्हणाला. "मग मशीन तुम्ही घेऊन जा. मला ते इथे नको."

त्याने यादी उघडली. चारही ओळींमध्ये, जिथे दोन वर्षं काही नव्हतं, तिथे बाहेर आल्याची वेळ होती. चार वाजून दहा, अकरा, अकरा, बारा. पाचवी ओळ त्यांच्याखाली. नंबर नाही, नाव नाही. बाहेर आल्याची वेळ चार सतरा. आत गेल्याची वेळ कोरी.

"हा आत कधी गेला?" साहेबाने विचारलं.

मी त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिले. तिथे बोगदा खणण्याआधी नुसता डोंगर होता.

त्याने दिवस बंद करायचं बटण दाबलं. मशीनने थोडा विचार केला आणि रोज जसं सांगत असेल तसं, साध्या काळ्या अक्षरांत सांगितलं: आत गेलेले चार, बाहेर आलेले पाच. आकडे जुळत नाहीत. दिवस बंद करता येत नाही.